मयूरीच्या नावाचं कडं

सिस्टरनी विचारलं मयूरीला आणि होय म्हणाले मी. गुन्हा म्हणाल तर एवढाच. पण तो कळायचा तर आधी कड्यांचा घोळ कळायला हवा, म्हणून थोडं मागून सांगते.

मी शालन केसरकर. आजऱ्याहून आंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव आहे आणि गावाच्या कडेला काजूचा कारखाना. तिथं साठ बायकांवर मी नऊ वर्षं मुकादमीण होते. मयूरी माझी धाकटी जाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, त्याच कारखान्यात काजू फोडायला. ती लग्न होऊन आली त्या दिवशीच मी तिला सांगून टाकलं की मला अक्का म्हणायचं आणि काही अडलं तर आधी माझ्याकडे यायचं. ती हसून बरं म्हणाली आणि पुढं तशीच वागली. तिच्या वतीनं बोलायची सवय मला कधी लागली ते आठवत नाही. साडी तिची, रंग मी सांगायचे. शाळेत बाई तिच्या मुलीबद्दल तिला विचारायच्या, उत्तर माझ्या तोंडून यायचं. आमच्याकडे थोरलीनं बोलायचं आणि धाकटीनं मागं उभं राहायचं ही रीतच आहे, आणि थोरलीनं एकदा शब्द टाकला की धाकटी तो चारचौघांत खोडत नाही. मला त्यात मोठेपणा वाटायचा. तिला काय वाटायचं ते मी कधी विचारलं नाही.

काजूच्या टरफलात तेल असतं आणि ते कातडी जाळतं. बायका हाताला गोडेतेल आणि राख चोळून बसतात, तरी फोड येतात, सालटं निघतात, कधी पातं लागतं. फोडणारी यंत्रं आली, पण बारीक बी अजून हातानंच फोडावी लागते, नाहीतर गराचा चुरा होतो. लोक म्हणे लाडक्या माणसाला तळहाताच्या फोडासारखं जपतात. आमच्या तळहातावर फोड रोजचेच, त्यांना कोण जपतंय. आजऱ्याला डॉक्टरकडे जायचं तर अर्धा दिवस मोडायचा, म्हणून कुणी जायचंच नाही.

मग बसथांब्यासमोर त्वरित उपचार केंद्र उघडलं. तीन खोल्या, एक सिस्टर, एक यंत्र. ताप, खोकला, उलट्या, कापणं, भाजणं, मुरगळणं असल्या किरकोळ दुखण्यांसाठी. वीस मिनिटांत माणूस बाहेर. गावानं त्याचं नाव झटपट ठेवलं आणि पहिल्या महिन्यात निम्म्या गावानं उगाचच जाऊन खोकून बघितलं.

झटपटचा सगळा जीव कड्यात होता. कागदोपत्री त्याचं नाव आरोग्यवलय, आमच्या तोंडी कडं. मनगटावर घालायचं, आतल्या अंगाला हिरवा उजेड लुकलुकतो. तो उजेड कातडीतून आत जातो आणि रक्ताची लाट आली की थोडा जास्त शोषला जातो. त्यावरून नाडी कळते, दोन ठोक्यांमधलं अंतर कळतं, लाटेच्या आकारावरून रक्तदाबाचा अंदाज येतो. अंगाची ऊब आणि श्वास कडं वेगळे मोजतं. यात नवल काही नाही, असली घड्याळं आमच्या तरुणपणीही होती. नवं होतं ते पुढचं.

जुनी यंत्रं माणसाची तुलना सगळ्या जगाशी करायची. हे कडं तुमची तुलना तुमच्याशीच करतं. पहिले नव्वद दिवस ते काही बोलत नाही, फक्त शिकतं. झोपेत तुमचे ठोके किती, चढण चढल्यावर किती, जेवल्यावर श्वास कसा, रागावल्यावर कसा. त्यातून ते तुमचं ‘नेहमीचं’ ठरवतं. मग तुम्ही झटपटमध्ये गेलात की यंत्र एकच बघतं: आजचे तुम्ही तुमच्या नेहमीच्यापेक्षा किती वेगळे. थोडेच वेगळे असाल तर हिरवा, सिस्टर मलमपट्टी करून घरी पाठवणार. बरेच वेगळे असाल तर पिवळा, पडद्यावर डॉक्टर येणार. लाल आला की गाडी बोलवायचं कामही यंत्रच करणार. आमच्या गुरवाच्या आबांची नाडी जन्माची पन्नास. एकदा ते नुसत्या खोकल्यासाठी गेले तर नाडी अठ्ठ्याऐंशी. कुठल्याही पुस्तकात अठ्ठ्याऐंशी म्हणजे ठणठणीत. यंत्र म्हणालं, यांच्यासाठी नाही. न्यूमोनिया निघाला आणि आबा वाचले. तेव्हा यंत्र वाईट होतं असं मी कुणाला म्हणू देणार नाही.

कडी वाटायला कंपनीची माणसं कारखान्यात आली त्या दिवशी त्यांनी आधी नमुन्याचं एक कडं, जे काही शिकत नाही, नुसते त्या घडीचे ठोके तपासतं, सगळ्यांच्या हातात घालून बघितलं. माझ्या हातात ते पिवळं झालं. कंपनीची मुलगी हळू आवाजात म्हणाली, काकू, तुमचे ठोके एकसारखे पडत नाहीत, कोल्हापूरला हृदय तपासून घ्या. मला दम लागायचा, छातीत पाखरू फडफडल्यासारखं व्हायचं, हे मला ठाऊक होतं. पण कारखान्याचा नियम होता, पिवळ्या माणसानं बॉयलरजवळ थांबायचं नाही, आणि मुकादमिणीची जागा बॉयलरजवळच. म्हणजे मी निवडायच्या टेबलावर बसणार आणि माझ्या जागी ती नखरेल सुमन येणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी नावं घातलेले डबे आले. पाण्याच्या टाकीमागं मी मयूरीला गाठलं आणि तिच्या नावाचं कडं माझ्या हातात घातलं, माझ्या नावाचं तिच्यापुढं धरलं. म्हटलं, “हे तू घाल. तुला काय धाड भरलीय? तुझे ठोके माझ्या नावावर जाऊ देत.”

तिनं एकच विचारलं. “आणि मग तुमाला काय झालंय ते कसं कळायचं, अक्का?”

कळून काय करायचंय, असं मी म्हणाले. तिनं हात पुढं केला. आम्ही एकमेकींच्या साड्या नेसतो, चपला घालतो, लग्नाकार्याला एकीचा हार दुसरीच्या गळ्यात असतो. त्यातलंच हे एक, असं मी तिला सांगितलं आणि स्वतःलाही.

तेव्हापासून माझ्या नावाचं कडं तिच्या हातावर राहून तिचं शिकत गेलं, आणि तिच्या नावाचं कडं माझ्या हातावर राहून माझं. कारखान्याच्या फाटकावर कड्यांचे रंग नावानिशी दिसायचे, त्यात माझं नाव रोज हिरवं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं पहिले काही दिवस फाटकाजवळ मी पदर मनगटावर ओढून घ्यायचे, मग तेही सोडून दिलं. एकदाच अडचण आली. मयूरीच्या फोनवर निरोप आला, तुमची नाडी अनियमित आहे, हृदय तपासून घ्या. मी तिला आजऱ्याला नेलं. तिथं तिच्या छातीला तारा लावून आलेख काढला, तो अर्थातच स्वच्छ निघाला. डॉक्टरनी लिहून दिलं, हृदय निर्दोष. ते लिहिणं यंत्राकडे गेलं आणि यंत्रानं मान्य केलं की या बाईची नाडी अशीच वेडीवाकडी, एकशे दहाच्या घरातली, धाप लागल्यासारखा श्वास, आणि त्यात काळजीचं काही नाही. माझा आजार तिची प्रकृती म्हणून नोंदला गेला. परत येताना एसटीत आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्या हसण्याची आठवण आली की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

हे सव्वा वर्ष चाललं.

मग एका गुरुवारी मयूरीचा उजवा हात सुजला. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यातला फोड सोमवारी फुटला होता आणि तरी ती बी फोडत होती, कारण मुकादमिणीची जाऊ घरी बसली तर बाकीच्या काय म्हणतील, हेही मीच तिला बजावलेलं. दुपारी तिला हुडहुडी भरली तेव्हा मी तापाची गोळी दिली. तीननंतर ती म्हणाली, अंग तापलेलं नाही पण आतनं गार गार वाटतंय आणि डोळ्यांपुढं अंधारी येतेय. मी सुमनला बॉयलरकडे बघायला सांगितलं आणि मयूरीला घेऊन झटपटकडे निघाले.

रस्त्यात जांभळीच्या झाडाखाली मी तिला थांबवलं. तिच्या हातावर माझ्या नावाचं कडं होतं. तसंच आत गेलो असतो तर पडद्यावर शालन केसरकर आलं असतं, आणि सिस्टर मला चांगल्या ओळखतात. म्हणून मी ते काढून पिशवीत टाकलं आणि माझ्या हातातलं, तिच्या नावाचं, तिच्या मनगटावर चढवलं. मनगटसुद्धा सुजलं होतं, कडं घट्ट बसलं. तिच्या प्रकृतीची खरी ओळख असलेलं एकच यंत्र जगात होतं आणि ते मी भाजीच्या पिशवीत टाकलं.

झटपटमध्ये चार माणसं आमच्या आधी होती, आणखी तीन मागून आली. मुल्ला सिस्टर म्हणजे गडहिंग्लजची मुलगी, कामाला वाघीण. त्यांनी हात बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. मग पडद्याकडे बघितलं. पडदा हिरवा. नाडी एकशे चौदा, यांची नेहमीची एकशे दहा. श्वास चोवीस, नेहमीचा बावीस. ठोके तर आज नेहमीपेक्षा जास्त एकसारखे, म्हणजे यंत्राच्या मते बाई नेहमीपेक्षा उलट बरी होती. ताप गोळीनं उतरलेला, आणि रक्तदाबाचा अंदाज माझ्या वेड्यावाकड्या लाटांवर शिकलेला, त्यामुळं त्यातली घट यंत्राला कळलीच नाही. सिस्टर परत हाताकडे बघत राहिल्या. यंत्र एक सांगत होतं आणि त्यांचे डोळे दुसरं.

“मयूरीताई,” त्या म्हणाल्या, “हे कडं तुमचंच ना?”

“व्हय, तिचंच हाय,” मी म्हणाले.

त्यांनी मयूरीकडे बघितलं. मयूरी खाली बघत होती. बाहेरून कुणीतरी आपला नंबर कधी येणार म्हणून विचारलं. सिस्टरनी जखम धुतली, पू काढला, पट्टी बांधली, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि जास्त वाटलं तर लगेच या म्हणाल्या. बावीस मिनिटांत आम्ही बाहेर होतो.

मला तेव्हा काहीच कळलं नाही असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला कळलं होतं. हिरवा रंग माझ्या रोगाचा आहे हे त्या खोलीत फक्त दोघींना माहीत होतं आणि त्यातली एक मी. पण फाटक, सुमन, साठ बायका, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि वाटलं, औषध तर मिळालंय, उद्या बघू. उद्या बघू हे शब्द मी घरी जाताना मनात चार-पाच वेळा म्हटले. मयूरी दोनदा रस्त्याच्या कडेला बसली आणि दोन्ही वेळा मी तिला हात देऊन उठवलं.

सकाळी सात वाजता तिची मुलगी मला बोलवायला आली. मयूरी अंथरुणात उठून बसली होती आणि मुलीला भलत्याच नावानं हाक मारत होती. ओठ निळसर, पाय बर्फासारखे गार, गुडघ्यांवर जांभळे डाग. मनगटावरचं कडं हिरवं. माझे मालक, माझा दीर म्हणजे मयूरीचा नवरा संदीप आणि सासूबाई खोलीत जमलेले. संदीपनं झटपटच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. तिथं यंत्राचा बाईचा आवाज असतो, फार मऊ. तो म्हणाला, मयूरी केसरकर यांची मोजमापं त्यांच्या नेहमीच्या मर्यादेत आहेत, रात्री औषध घेतलं का, पाणी पाजा, केंद्र नऊला उघडेल. संदीप त्या आवाजावर ओरडला. आवाजानं तेच परत तितक्याच मऊपणे सांगितलं.

मी त्या फोनवर खरं सांगू शकत होते. चार जणांसमोर माझी जीभ उचलली नाही. मी माझ्या खोलीत गेले, पिशवीतलं कडं काढलं आणि कुणाला काही न सांगता मयूरीच्या दुसऱ्या मनगटावर घातलं. ते तिला सव्वा वर्ष ओळखत होतं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. कडं लाल झालं आणि ओरडायला लागलं. लालचा निरोप घरच्या सगळ्या फोनांवर जातो, आणि संदीपच्या हातातला फोन, जो आत्तापर्यंत पाणी पाजा म्हणत होता, म्हणाला, शालन केसरकर यांची प्रकृती गंभीर आहे, गाडी निघाली आहे.

संदीपनं माझ्याकडे बघितलं. कड्याकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. 

गाडी सत्तावीस मिनिटांत आली. त्यातल्या माणसानं सुई टोचायची तयारी करता करता हातातल्या पाटीवरून वाचलं, शालन केसरकर, वय सेहेचाळीस, कुठल्याही औषधाची ॲलर्जी नाही. मयूरीला पेनिसिलिन चालत नाही. बाळंतपणात एकदा तिचा गळा सुजला होता, तेव्हा मीच तिच्याजवळ होते. तिथं मी बोलले. म्हणाले, ही शालन नव्हे, शालन मी, ही मयूरी, हिला पेनिसिलिन देऊ नका. त्यानंतर कडी कशी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून बदलली हे सगळं त्या माणसानं विचारलं आणि मी अंगणात उभी राहून सगळ्यांच्या देखत सांगितलं. लोक म्हणतात मी खरं बोलून तिचा जीव वाचवला. खरं बोलल्याशिवाय दुसरी वाटच उरली नव्हती, म्हणून बोलले. वाट असती तर कदाचित तेव्हाही बोलले नसते.

कोल्हापूरला ती सव्वीस दिवस होती. फोडातला जंतू रक्तात गेला होता आणि सगळ्या अंगात भिनला होता. रक्तदाब वर ठेवायला जी औषधं द्यावी लागतात त्यांनी बोटांकडचं रक्त आटतं. चौथ्या दिवशी तिच्या उजव्या हाताची तीन बोटं काळी पडली आणि दहाव्या दिवशी ती काढली. जीव वाचला. मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं की आदल्या दिवशी चार वाजता आणलं असतं तर काय झालं असतं. ते दमलेले होते, कागदावर सही करत होते. म्हणाले, पंधरा तास फार असतात हो, बहुतेक बोटं राहिली असती. मग त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, का, आणायला उशीर झाला का? मी होय म्हणाले.

त्याच दवाखान्यात माझंही हृदय तपासलं. ठोके चुकण्याचा साधा, ओळखीचा आजार. दोन गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. आठवड्यात छातीतलं पाखरू शांत झालं. मी इतकी घाबरत होते ते एवढंसंच होतं, आणि त्याचं बिल तिच्या हातावर निघालं.

मुकादमिणीचं काम मी आपणहून सोडलं. पण मला वाटलं होतं की लोक मला शिव्या देतील, आणि शिव्या कुणीच दिल्या नाहीत, हे मला फार जड गेलं. घरी माझे मालक म्हणाले, झालं ते झालं. सासूबाईंनी दृष्ट काढली. संदीप माझ्याशी नीट बोलायचा, पहिल्यापेक्षाही नीट, आणि ते ऐकवत नव्हतं. कंपनीचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की वलय अन्य व्यक्तीनं वापरल्यामुळं मूल्यमापन सदोष झालं. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं, मी अन्य व्यक्ती होते. मुल्ला सिस्टरना पंधरा दिवस कामावरून बाजूला ठेवलं. मी माफी मागायला गडहिंग्लजला गेले तर त्या म्हणाल्या, मी प्रश्न पेशंटला विचारला आणि उत्तर तुमचं घेतलं, ती चूक माझी. तिथंही मला माझा वाटा कुणी देईना.

मयूरी घरी आल्यावर मी तिचं सगळं करायला लागले. वेणी घालायची, घास भरवायचा, लुगड्याच्या निऱ्या घालून द्यायच्या. डाव्या हातानं तिला बरंच जमायचं, पण मी करू द्यायचे नाही. एका दुपारी वेणी घालताना माझा धीर सुटला. म्हटलं, मयूरी, मी तिथं होय म्हणायला नको होतं. तिनं मांडीवरची रिबीन माझ्या हातात दिली. मग म्हणाली, “मला इचारलं असतं तर मी बी व्हयच म्हणाले असते, अक्का. जीवाला लावून घेऊ नगासा.”

त्या दिवशी मी पोटभर जेवले. महिन्यानं पहिल्यांदा. ते वाक्य मी धरून ठेवलं. कधी छातीवर दडपण आलं की मनात म्हणायचे, तीही होयच म्हणाली असती. चूक दोघींची होती, निम्मी निम्मी. माणूस स्वतःला किती लवकर माफ करायला तयार असतो ते मला तेव्हा कळलं, पण कळूनही मी ते सोडलं नाही.

हिवाळ्यात तिची जखम उसवली आणि परत शिवावी लागली, त्याचे टाके काढायला आम्ही झटपटमध्ये गेलो. मुल्ला सिस्टर परत कामावर होत्या. नियम बदलला होता. आता पेशंटला आत एकट्यानंच जायचं, घरच्यांनी पडद्याबाहेर बाकावर बसायचं, आणि यंत्र हातात घ्यायच्या आधी सिस्टर काही प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं पेशंटच्याच आवाजात नोंदतात. तो नियम आमच्यामुळंच आला हे मला कुणी सांगायला नको होतं. मी मयूरीबरोबर उठले तर सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही इथंच बसा, काकू.” मी बसले.

पडदा म्हणजे जाड कापडच. आतलं सगळं ऐकू येत होतं. सिस्टरनी दुखतं का विचारलं, आणि माझ्या तोंडात उत्तर आलं, थोडं दुखतं, थंडीत जास्त. मी ओठ मिटले. आतून मयूरी म्हणाली, रात्रीचं नसलेल्या बोटांत दुखतं, रोज. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. झोप लागते का विचारल्यावर म्हणाली, नाही. जेवण स्वतःच्या हातानं करता का विचारल्यावर म्हणाली, करता येतंय, पण करू देत नाहीत. मी बाकाची कड धरून बसले होते. बारा वर्षांत मी तिला कुणा परक्याशी सलग पाच वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं.

मग सिस्टर थांबल्या. यादीतला प्रश्न नसावा तो, कारण आवाज एकदम खाली आला. म्हणाल्या, त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, कडं तुमचंच ना. मला तेव्हापासून एकच वाटतंय. मी काकूंना बाहेर काढून परत विचारलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?

मला वाटलं, आता ती म्हणेल, व्हयच म्हणाले असते. मी वाट बघत होते.

“न्हाई म्हणणार हुते,” मयूरी म्हणाली. “तोंडात आलंवतं माझ्या. मला कळाय लागलंवतं की माझं काय खरं न्हाई. पर अक्का आदी बोलल्या.”

“मग नंतर का नाही सांगितलंत?”

“कसं सांगायचं? त्येनी व्हय म्हटल्यावर मी न्हाई म्हटलं, तर त्या खोट्या पडल्या असत्या की, तुमच्या म्होरं.”

 नंतर कात्रीचा आवाज आला, टाका निघाल्याचा, एक, मग दुसरा. मी हलले नाही. माझी अब्रू राखायला ती गप्प बसली होती, आणि मला दिलासा द्यायला घरी खोटं बोलली होती, आणि दोन्ही वेळा मी ते घेतलं होतं.

मयूरी पदर सावरत बाहेर आली. बाकाजवळ उभी राहिली आणि सवयीनं मी आधी उठायची वाट बघत राहिली. मला उठवेना. मी तिच्याकडे बघून सांगितलं की मी सगळं ऐकलं.

तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती माझ्या शेजारी बसली, बोटं गेलेल्या हातावर दुसरा हात ठेवून.

“बरं झालं ऐकलासा,” ती म्हणाली. “तुमच्या तोंडावर मला कदीच सांगता आलं नसतं.”

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिनं मान हलवली. “आता गप बसा, अक्का. माझं अजून झालं न्हाई.”

पुढच्या पेशंटला आत बोलावलं गेलं. आम्ही बाकावरच बसून राहिलो, आणि ती बोलत होती.